जव्हार संस्थानचा शक व मुकण्यांचें मूळ

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, ठाणें व नाशिक या जिल्ह्यांच्या मधोमध, कोळी राजघराण्याचें जव्हार हें संस्थान १९४८ सालापर्यंत नांदत होतें. क्षेत्र अवघें ३१० चौरस मैल, आणि तेंहि दोन असमान तुकड्यांत विभागलेलें. १९०१ च्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या ४७,५३८ भरली होती. मोठ्या संस्थानांच्या इतिहासावर ग्रंथामागून ग्रंथ झाले. या लहानग्या राज्याकडे मात्र संशोधकांची दृष्टि क्वचितच वळली. तरी दोन गोष्टींत हें संस्थान मोठमोठ्यांसहि मागें टाकील. एक, त्याचा स्वतःचा शक होता व तो सरकारी दप्तरांत चालू होता. दुसरी, त्याच्या स्थापनेची कथा बैलाच्या कातड्याची आहे, आणि तीच कथा भूमध्यसमुद्राच्या कांठीं कार्थेज नगरीविषयीं दोन हजार वर्षांपासून सांगितली जात आहे.

प्रस्तुत लेखाचा रोंख मुख्यतः शकावर आहे. घाटावरच्या व घाटाखालच्या जुन्या घरांतून अद्याप कागदांचे रुमाल निघतात. त्यांत जव्हारकडील एखादा कागद हातीं आला, आणि त्यावर पांचशेंच्या घरांतला आकडा दिसला, तर संग्राहक बुचकळ्यांत पडतो. शालिवाहन शक म्हणावा तर तो यादवांच्याहि पूर्वींचा ठरतो. हिजरी म्हणावा तरी तीच गत. कागद मात्र उघड उघड बोरूनें, अर्वाचीन मोडींत लिहिलेला. अशा वेळीं कागद बनावट ठरवून बाजूस टाकण्याचा मोह होतो. तो मोह आवरावा म्हणून हें टिपण.

१८८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत मुकणे घराण्याची हकीकत दिली आहे. तिचा सारांश असा. थळघाटाजवळ मुकणे येथें पोपेरा नांवाच्या कोळी नायकाची एक मातीची गढी होती. तो पिंपरी येथील देवस्थानास गेला असतां पांच कोळी भिक्षुकांनीं त्यास आशीर्वाद देऊन जव्हारचा राजा म्हणून मुजरा केला. त्यानें कोळ्यांची फौज जमवून पेठ व धरमपूरकडे कूच केलें, तेथून सुरतेस व पुढें काठेवाडांत जाऊन तेथें सात वर्षें काढलीं. परत येऊन त्यानें जव्हारच्या वारली नायकापाशीं बैलाच्या एका कातड्यांत मावेल एवढीच जागा मागितली. नायकानें होकार देतांच कातड्याच्या बारीक वाद्या काढून त्यांनीं त्यानें नायकाचें ठाणेंच वेढून टाकिलें. वारली नायकास मग गंभीरगड व भोंवतालचा मुलूख देण्यांत आला. पोपेऱ्याचा मुलगा निमशाह यास दिल्लीच्या बादशहाकडून राजा हा किताब मिळाला, आणि ज्या दिवशीं तो मिळाला त्या दिवसापासून, म्हणजे इसवी सन १३४३ च्या ५ जूनपासून, जव्हारचा शक सुरू झाला. राज्यांत २२ किल्ले होते व वसूल नऊ लाखांचा होता, असेंहि तेथें म्हटलें आहे.

यांतील स्थळें आमच्या इगतपुरी तालुक्यांतलीं आहेत, हें येथील रहिवाशांसहि बहुधा ठाऊक नसतें. मुकणे हें गांव आज तेथील धरणामुळें सर्वांस परिचित झालें आहे. घराण्याचें आडनांव त्याच गांवावरून आलेलें. पोपेरा हें इंग्रज लेखकानें व्यक्तीचें नांव समजून घेतलें. वस्तुतः पोपेरे हें महादेव कोळ्यांतील कुळाचें नांव आहे व तें या बाजूस आजहि आढळतें. मूळ पुरुषाचें नांव जायबा असें घराण्याच्या परंपरेंत सांगतात, आणि तेंच अधिक ग्राह्य वाटतें. पिंपरी म्हणजे कोणती? इगतपुरीजवळच पिंपरी सदरोद्दीन हें गांव आहे व तेथें सदरोद्दीन या मुसलमान साधूची कबर आहे. मुकण्याहून निघालेल्या नायकाचें देवस्थान हेंच असावें, असें मला वाटतें. तसें असल्यास ते पांच भिक्षुक भीक मागणारे नसून फकीर असावेत. इंग्रजी भाषांतरांत फकिराचा भिकारी होणें ही नवलाची गोष्ट नव्हे.

कातड्याच्या कथेविषयीं दोन शब्द. ही कथा कार्थेजची राणी डायडो हिच्याविषयीं प्रसिद्ध आहे. आपल्याकडे कपटानें थोडें मागून बहुत घेण्याचा मूळ नमुना वामनाच्या तीन पावलांचा. मात्र जव्हारच्या कथेंत बळीला पाताळ मिळालें नाहीं, गंभीरगड मिळाला. कथेचे दोन पाठ आहेत. एका पाठांत वाद्यांनीं वारल्याचें ठाणें वेढलें, दुसऱ्यांत सगळें संस्थानच वेढलें. पाठभेद पडला म्हणजे कोणता पाठ मूळचा हें पाहणें हा आम्हां संस्कृताच्या लोकांचा जुना छंद. येथें गणित साह्यास येतें. बैलाचें कातडें फार तर ४० चौरस फूट धरूं. अष्टमांश इंच रुंदीची वादी काढली तर ३,८४० फूट लांबी होते, म्हणजे पाऊण मैलाला थोडी कमी; आणि तिचें वर्तुळ केलें तर आंत सुमारें २७ एकर जमीन येते. एक गढी व तिच्या पायथ्याची वस्ती यांत खुशाल मावते. उलट ३१० चौरस मैलांस वेढा द्यावयाचा तर किमान ६२ मैल वादी पाहिजे, व त्यासाठीं वादीची रुंदी इंचाच्या सहाशेंव्या भागाहूनहि कमी ठेवावी लागेल. पहिला पाठ सांगणाऱ्यानें चांभाराचें काम पाहिलेलें होतें. दुसरा पाठ लेखणीनें वाढविलेला आहे.

कथा खरी असो वा नसो, तिच्या पोटांत एक कबुली आहे: जव्हार मुळांत वारल्यांचें, कोळ्यांनीं तें मागाहून घेतलें. राजघराण्यानें आपल्याच उत्पत्तीच्या कथेंत दुसऱ्याचा पूर्वींचा हक्क जपून ठेवावा, ही गोष्ट विरळा.

अशी दुसरी एक कबुली समुद्रापलीकडे सांपडते, आणि ती कागदावर आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वांत लहान संस्थान ऱ्होड आयलंड. त्याची भूमि सुमारें १,०३४ चौरस मैल, म्हणजे जव्हारच्या तिपटीहून थोडी अधिक. रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकास मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतींतून हद्दपार केल्यावर त्यानें १६३६ सालीं तेथें प्रॉव्हिडन्स हें गांव वसविलें. ती जागा नॅरॅगॅन्सेट लोकांच्या कॅनॉनिकस व मिॲंटोनोमी या नायकांनीं त्यास दिली, व त्याचा लेख केला. सहीच्या जागीं एका नायकानें धनुष्य काढलें, दुसऱ्यानें बाण. आपल्याकडील नांगराच्या निशाणीची आठवण झाल्याखेरीज राहत नाहीं. परंतु आमच्या विषयाशीं त्या लेखाचें नातें मितीवरून आहे. लेखाची मिती ‘आमच्या वसाहतीचें दुसरें वर्ष’ अशा अर्थाची असून महिना मार्च, तारीख २४ आहे. त्या काळीं इंग्रजांचें वर्ष २५ मार्चला लागे. म्हणून त्यांच्या तेव्हांच्या हिशेबीं तो १६३७ चा शेवटचा दिवस, आपल्या हिशेबीं १६३८. वसाहत १६३६ च्या उन्हाळ्यांतली, तेव्हां दुसरें चालू वर्ष बरोबर जुळतें. इवल्याशा राज्यानें आपल्या स्थापनेपासून वर्षें मोजावींत, आणि पुढील वाचकानें वर्षारंभ कोणता व वर्ष गत कीं वर्तमान या दोन प्रश्नांत अडकावें, हा प्रकार तेथेंहि घडला. तेच दोन प्रश्न जव्हारच्या शकास लावून पाहूं.

प्रथम ५ जून १३४३ या दिवसाची पारख. जुन्या युरोपीय गणनेनें त्या दिवशीं गुरुवार होता. पंचांगाच्या गणितानें शके १२६५, सुभानु संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध द्वादशी येते. हिजरी ७४४ चा मोहरम नुकताच लागलेला. दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. देवगिरीचें दौलताबाद होऊन दीड तप लोटलें होतें, आणि इब्न बतूता हा प्रवासी १३४२ त दिल्लीहून निघून दौलताबाद, नंदुरबार, खंबायत या वाटेनें गेला, तोहि याच सुमारास. याच सुलतानानें कोंढाणा वेढला, तेव्हां नाग नायक या कोळी नायकानें तो आठ महिने झुंजविला; ती हकीकत इसामीनें १३५० च्या सुमारास लिहिलेल्या आपल्या काव्यांत दिली आहे. तेव्हां सह्याद्रीच्या कोळी नायकांशीं सुलतानाचा संबंध येत होता, त्यांतल्या एकास दबवून दुसऱ्यास गौरवावें हें राजनीतीस धरूनच आहे. गंमत अशी कीं, हिजरी ७४४ मध्येंच खुद्द महंमद तुघलकास कैरोच्या अब्बासी खलिफाकडून मान्यतेचें फर्मान व पोशाख आला. ज्या वर्षीं निमशाहास किताब मिळाला म्हणतात, त्याच वर्षीं किताब देणाराहि दुसऱ्याकडून किताब घेत होता.

काळ अनुकूल आहे. पण तेवढ्यानें तारीख सिद्ध होत नाहीं. निमशाह या नांवांतील ‘शाह’ हा दिल्लीचा शिक्का मानून कांहीं लोक त्यावर भिस्त ठेवितात. तें बरोबर नव्हे. जव्हारकरांच्या वंशावळींत भीमशाह, कृष्णशाह, विक्रमशाह, पतंगशाह अशीं नांवें येतात. पतंग म्हणजे सूर्य, म्हणजे पूर्वपद शुद्ध संस्कृत व उत्तरपद फार्शी. हीच तऱ्हा शेजारच्या रामनगरास सोमशाह व बागलाणास नारायणशाह, प्रतापशाह या नांवांत दिसते. बागलाणच्या रुद्रकवीनें शके १५१८ त राष्ट्रौढवंश महाकाव्य रचिलें, तेव्हां आपल्या यजमानाच्या ‘शाह’ या पदास त्यानें संस्कृतांतहि जागा करून दिली. सह्याद्रीच्या या पट्ट्यांतील राजांचा तो रिवाजच होता. एकट्या जव्हारच्या फर्मानाचा पुरावा तो होऊं शकत नाहीं.

आतां मुख्य शंका. १३४३ या वर्षाविषयीं नसून ती ५ जून या दिवसाविषयीं आहे. मुंबई इलाख्यांत फसली साल मृग नक्षत्रीं सूर्य गेला म्हणजे लागे. म्हणूनच त्यास मृगसाल म्हणत. शुहूर सनाचा आरंभहि मृगाचाच. सूर्य मृगांत कोणत्या इंग्रजी तारखेस जातो, हें शतकाशतकानें सरकत जातें. आज तो ७-८ जूनला जातो. १८८० च्या सुमारास, म्हणजे गॅझेटियरची माहिती गोळा होत होती त्या वेळीं, तो ५-६ जूनला जात असे. इसवी सन १३४३ मध्यें, तेव्हांच्या युरोपीय गणनेनें, तो मे महिन्याच्या २०-२१ तारखेसच गेला होता. म्हणजे १३४३ च्या ५ जूनला मृग लागून पंधरवडा झाला होता, पण १८८० च्या ५ जूनला मृगाचा आरंभ होत होता.

यावरून माझा तर्क असा कीं, जव्हारच्या दप्तरांत मूळ नोंद दिवसाची नव्हती. राज्याचें साल मृगापासून मोजीत, व पहिलें साल अमुक, एवढीच परंपरा होती. साहेबाला इंग्रजी तारीख हवी होती. कारकुनानें मृग कधीं लागतो तें त्या वर्षीच्या पंचांगांत पाहिलें, ५ जून मिळाला, आणि तो पांचशें वर्षें मागें नेऊन ठेविला. यांत लबाडी नाहीं. पाटीवरचें उत्तर बरोबर, उदाहरण मात्र दुसरें. फर्मान खरोखरच ज्येष्ठ शुद्ध द्वादशीला मिळालें असण्यास बाध येत नाहीं, परंतु मृगसालाशीं पडणारा मेळ इतका नेमका आहे कीं तो योगायोग म्हणून सोडवत नाहीं.

या तर्कास दुसरीकडून आधार मिळतो. शुहूर सनाचा उगम महंमद तुघलकाच्याच कारकीर्दींत झाला असें मानतात, कारण शुहूर व हिजरी हीं दोन्हीं वर्षें ७४५ त, म्हणजे इसवी सन १३४४ त, एकत्र येतात. जव्हारचें पहिलें वर्ष त्याच्या अगदीं लगतचें, ७४४ चें. दोहोंमध्यें एका वर्षाचें अंतर. सुलतानानें वसुलासाठीं सौर वर्षाची जी व्यवस्था घातली, तिचीच आठवण एका डोंगरी राज्यानें आपल्या राजपदाच्या आठवणीशीं जोडून ठेविली असावी.

संग्राहकांच्या सोयीसाठीं हिशेब सांगतों. वर्ष वर्तमान धरल्यास जव्हारच्या आकड्यांत १३४२ मिळविले म्हणजे त्या वर्षाच्या आरंभींचा इसवी सन येतो. शुहूर सनांतून ७४३ वजा केले, अथवा दक्षिणी फसलींतून ७५२ वजा केले, कीं जव्हारचें वर्ष निघतें. उदाहरणार्थ, सलास अर्बैन मया व अलफ म्हणजे शुहूर ११४३. तें जव्हारचें ४०० वें वर्ष, इसवी सन १७४२-४३. फसली १२९२ तें ५४० वें, इसवी सन १८८२-८३. गत वर्षें मोजण्याचा प्रघात असल्यास आकडा एकानें कमी दिसेल. संस्थान विलीन झालें तेव्हां ६०५ वें वर्ष चालू होतें. म्हणून या शकाचा कोणताहि खरा कागद ६०५ च्या पुढचा असूं शकत नाहीं.

५ जूनचा आणखी एक चमत्कार नोंदून ठेवितों. शिवाजी महाराज व जव्हारचा विक्रमशाह यांची भेट सुरतेच्या पहिल्या स्वारीच्या वेळीं, म्हणजे १६६३-६४ त, जव्हारजवळ शिरपामाळावर झाली व महाराजांनीं त्यास शिरपेंच दिला, अशी परंपरा आहे. माळाचें नांवहि त्यावरूनच पडलें म्हणतात. आठ वर्षांनीं चित्र पालटलें. १६७२ सालीं मोरोपंत पिंगळ्यांनीं मोठ्या फौजेनिशीं जव्हार काबीज केलें, विक्रमशाह मोगली मुलखांत पळाला, आणि सतरा लाखांचा खजिना मराठ्यांच्या हातीं लागला. सर जदुनाथ सरकारांनीं या घटनेची तारीख ५ जूनच्या सुमारासची दिली आहे. राज्य मिळाल्याची व राज्य गेल्याची तारीख एकच पाहून एखादा चिकित्सक म्हणेल कीं एकीवरून दुसरी बेतली. पण पराभवाच्या दिवशीं आपला शक सुरू करणारा राजा अद्याप जन्मावयाचा आहे. खरें कारण सोपें असावें: पाऊस घाट अडवील त्याच्या आंत मोहीम उरकावयाची, म्हणून मृगाच्या तोंडावर गडबड. खजिन्याचा सतरा लाखांचा आकडा मात्र विचार करण्यासारखा आहे. नऊ लाखांच्या वसुलाची व २२ किल्ल्यांची जी गोष्ट निमशाहाच्या नांवें सांगतात, ती विक्रमशाहाच्या भरभराटीच्या काळाची असावी व मूळ पुरुषाच्या पदरीं मागाहून घातली असावी.

पुढील इतिहास थोडक्यांत. पेशवाईंत मुलूख तुटत गेला. इंग्रजी अमलांत उरला तो ३१० चौरस मैलांचा, पण खंडणीवांचून. शेवटचे राजे यशवंतराव मार्तंडराव मुकणे दुसऱ्या महायुद्धांत हवाई दलांत होते व पुढें लोकसभेचे सदस्य झाले. जव्हार ठाणें जिल्ह्यांत गेलें, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून तें पालघर जिल्ह्यांत आहे. संस्थान सरलें त्याबरोबर शकहि सरला.

राहिला प्रश्न तर्काच्या कसोटीचा. ज्यांच्या संग्रहीं जव्हारकडील कागद असतील, त्यांनीं प्रत्येकावरील जव्हारचा आकडा, शालिवाहन शक, मास व तिथि हीं चार अंगें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत. एखादें अंग नसेल तर तसें लिहावें, पदरचें भरूं नये. एकाच शालिवाहन वर्षांतला वैशाखाचा एक कागद व आषाढाचा एक कागद मिळाला, आणि दोहोंवर जव्हारचा आकडा वेगळा निघाला, तर वर्षारंभ चैत्राचा नव्हे हें ठरलें. मग ज्येष्ठाचे कागद पाहावेत. द्वादशीला आकडा बदलत असेल तर फर्मानाची तिथि खरी व माझा तर्क फोल. अधिक मासाच्या मागेंपुढें तिथि सरकूनहि आकडा सूर्याबरोबरच बदलत असेल, तर शक मृगाचा. या एका निर्णयासाठीं ज्येष्ठांतले तीन-चार कागद पुरे होतील.